झरीच्या रानातलं लाल कडं

परभणी जिल्हा बघायला म्हणून कुणी जात नाही. लोक जातात ते लग्नाला, मयतीला, नाहीतर बदली झाली म्हणून. मी गेलो तो यातल्या कशालाच नाही. पण निघताना मनात धाकधूक होतीच, की आपण मयतीलाच तर पोचत नाही ना. परत येऊन आता आठवडा झाला. डावा गुडघा अजून सुजलेला आहे, आणि मुलगा रोज विचारतो, "बाबा, कशाला गेला होतात एवढं हिंडायला?" त्याला एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून बसून लिहितोय.

सेलूहून अर्चनाचा फोन आला होता. अर्चना म्हणजे भगवानची सून. भगवान न्हाणीत पडला, डावा खुबा मोडला, ऑपरेशन होऊन आत लोखंड बसलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता उभं करा, चालवा. हा म्हातारा आत्ता उठला नाही तर पुन्हा उठायचा नाही. आणि भगवान तर भिंतीकडं तोंड करून पडलेला. कुणाशी बोलणं नाही, धड खाणं नाही.

"काका, बाबांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय," अर्चना म्हणाली. "म्हणले, नाम्याला सांग, झरीची शर्यत तूच जिंकलास."

मी त्याच संध्याकाळी गाडीचं तिकीट काढलं.

का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल. ऐन तरुणपणी मी आणि भगवान फटफटीच्या शर्यती खेळायचो. डांबरी रस्त्यावरच्या नव्हे, मातीवरच्या. मैदानात लांबट गोल कडं आखायचं, त्यात एका वेळी चार गाड्या, चार फेऱ्या. वळायचं ते कायम डावीकडं. गाडीला ब्रेक नाही. म्हणजे असलेला ब्रेक शर्यतीआधी पंचांसमोर खोलून ठेवायचा, कारण पुढच्यानं मध्येच ब्रेक मारला तर मागच्याचं मढंच. वळणावर गाडी आडवी टाकायची, मागचं चाक घसरू द्यायचं आणि डावा पाय जमिनीवर घासत न्यायचा. म्हणून डाव्या बुटाला खालून लोखंडी तळवा. माझा तळवा गावच्या लोहारानं वखराच्या झिजलेल्या पात्यातून करून दिला होता.

जालना, लातूर, पार सोलापूरपर्यंत आम्ही या नादापायी हिंडलो. मी सरकारी हापिसात कारकून, भगवान कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री. रजा संपलेल्या, घरचे वैतागलेले, अंगाला रॉकेलचा वास. ट्रकच्या हौद्यात गाड्यांच्या मध्ये झोपायचो आणि सकाळी कुणाच्या तरी विहिरीवर अंघोळ करायचो. काय दिवस होते! शर्यतीआधी दोघं मिळून सगळं कडं पायी फिरायचं, टाचेनं माती दाबत. कुठं भुसभुशीत आहे, कुठं खडा वर आलाय, ते एकमेकांना खरं सांगायचं. त्यात कुणी लबाडी केली नाही. मग गाडीवर बसलं, की भगवान दर वेळी मान वळवून विचारायचा, "नाम्या, धूळ खायला डबा आणलास का?"

झरीची शर्यत आमची शेवटची. शेवटच्या सरळीला आम्ही दोघं अगदी बरोबर आलो. इतकी धूळ उडाली की पंचाच्या डोळ्यांत गेली. पंच म्हणजे शाळेचे ड्रिलमास्तर, फार सरळ माणूस. म्हणाले, "मला काहीच दिसलं नाही." बक्षीस होतं एक बोकड. ते दोघांत दिलं, दोघांनी मिळून खाल्लं, आणि भांडण तेवढं शिल्लक राहिलं. तो म्हणायचा मी जिंकलो, मी म्हणायचो मी. लग्नाच्या पंगतीत, फोनवर, इतकंच काय त्याची बायको गेली तेव्हा भेटायला गेलो तर डोळे पुसत म्हणाला, "ती बी म्हणायची, मीच जिंकलो." तीस वर्षांच्या वर हे चाललं. आणि आता हा माणूस म्हणतोय, तू जिंकलास. याचा अर्थ एकच. भगवानला आता कशातच राम वाटत नाही.

राणीसावरगाव

पुण्याहून निघालेली गाडी सकाळी गंगाखेडला पोचली. तिथून माझं गाव राणीसावरगाव. थेट सेलूला का गेलो नाही, असं कुणी विचारेल. भ्यालो. दुसरं कारण नाही. म्हटलं, आधी गावाकडं जाऊन तो लोखंडी बूट घेऊ. बूट कशाला, ते मलाही नीट सांगता येत नव्हतं.

थोरल्या भावाच्या दारात उभा राहून "जय भीम" म्हणालो, तर वहिनी हातातलं सूप घेऊनच बाहेर आल्या.

"भाऊजी! फोन तरी करायचा न्हाई का?" आणि लगेच पुढं, "अन् केला असता तर मी म्हणले असते, फोन कामून केला, घर काय परक्याचं हाय का?"

पुण्यात सख्ख्या भाच्याकडं जायचं तरी आधी दोनदा मेसेज करावा लागतो. इथं न सांगता गेलं की रागावतात आणि सांगून गेलं की जास्त रागावतात. मला हे दुसरं बरं वाटतं, निदान त्यात जेवण चुकत नाही. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, वर कच्च्या तेलाची धार. प्रवासानं तोंडाची चव गेली होती, तरी तीन भाकरी गेल्या.

बूट सापडला तो शेळ्यांच्या खोपटाच्या दाराला अटकाव म्हणून लावलेला. चामडं कधीच कुजून गेलं होतं. उरला होता तो लोखंडी तळवा आणि एक गंजलेला पट्टा.

"ते न्याल तर शेळ्या काय तुमी धरून बसनार?" वहिनी म्हणाल्या.

शेवटी मी अंगणातला एक दगड उचलून आणला, दाराला लावला आणि शेळ्यांची परवानगी घेतल्यासारखा निघालो. भाऊ जन्मभर मास्तर, कमी बोलणारा. वेशीपर्यंत पोचवायला आला. "तुमचं ते भांडन अजून मिटलं न्हाई का रे?" त्यानं विचारलं.

"मिटलंय," मी म्हणालो. "म्हणून तर चाललोय."

परभणीच्या एसटीत त्या बुटानं इज्जत घालवली. वरच्या फळीवर ठेवलेली पिशवी खड्ड्यात खाली आली ती नेमकी पुढच्या माणसाच्या पायावर. तो बिचारा पाय धरून नाचायला लागला. "काका, पिशवीत नांगर घालून चाललाव का काय?" म्हणाला. मी हात जोडले. त्यानं पाय चोळता चोळता सगळी हकीकत काढून घेतली, आणि उतरताना म्हणाला, "तेवढं खुब्याचं काय झालं ते कळवा." नंबर न देता न घेता.

झरी

परभणीला लॉजवर अंग टाकलं. सकाळी उठलो तर गुडघा वाकेना. स्टेशनवर गेलं असतं तर सेलू हाकेवर होतं. पण मी जिंतूर रस्त्याला जाऊन झरीच्या काळीपिवळी जीपमध्ये बसलो. म्हणजे पुन्हा भ्यालोच. स्वतःची समजूत काय घातली, तर शर्यतीची जागा बघून घेऊ, तेवढाच बोलायला विषय.

ते रान गावाबाहेर. तेव्हा ज्वारी निघाल्यावर मोकळं असायचं. आता पांढऱ्याशुभ्र कापसानं भरलेलं होतं, बायका वेचणीला लागल्या होत्या. बांधावर चढून बघितलं आणि मी तिथंच थांबलो. कमरेएवढ्या कापसाच्या मधोमध एक लांबट गोल पट्टा होता. त्या पट्ट्यात पऱ्हाट्या वीतभर, बोंडं नाहीत, आणि खालची माती लाल. आमचं कडं! काळ्या मातीत चाकं रुततात म्हणून आम्ही गाड्या भरभरून मुरूम आणून अंथरला होता. शर्यत झाली की उचलून नेऊ, असं मालकाला सांगितलं होतं. कोण उचलतंय! आम्ही बोकड खाऊन निघून गेलो.

माणसं गेली, गाड्या भंगारात गेल्या, आणि हे मात्र जसंच्या तसं पडलेलं. मी वाकून चिमूटभर मुरूम उचलला.

"कोन हाय ओ तिकडं?"

कमरेला कापसाची ओटी बांधलेली एक म्हातारी कापसातून येत होती. या रानाची मालकीण, गयाबाई. तिच्या नवऱ्याला शर्यतीचा भारी नाद, त्यानंच हौसेनं रान दिलं होतं. तो जाऊन बरीच वर्षं झाली. मी नाव सांगितलं.

"शर्यतवाला नामदेव?" तिनं कमरेवर हात ठेवले. "या, या. तुमचीच वाट बघायलेय मी. हितं शेणखत घातलं, तळ्यातला गाळ घातला, दोनदा नांगरून काढलं. मुरूम खाली जातुया अन् पुन्यांदा वर येतुया. ह्या कड्यात कुसळ बी उगवत न्हाई!"

मी ओशाळून हातातला मुरूम दाखवला. म्हणालो, "आठवण म्हणून नेतो थोडा."

"थोडा कामून? टेम्पो आना अन् समदा न्या की!"

वेचणाऱ्या बायका खो खो हसायला लागल्या. मी मुरूम गुपचूप खाली टाकला. मग मात्र तिनंच बाभळीखाली बसवलं, फडकं सोडून धपाटे आणि दही पुढं केलं. शिव्या देणं आणि जेवू घालणं ही दोन वेगळी कामं आहेत असं आमच्याकडं कुणी मानत नाही. खाताना मी भगवानची अवस्था सांगितली. निरोपही सांगितला.

गयाबाईनं धपाट्याचा तुकडा मोडता मोडता म्हटलं, "कायतरीच. भगवानरावच जितला हुता."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मी विहिरीच्या कठड्यावर हुते की उभी. धूळ समदी तिकडं गेली, हिकडं साफ दिसायलं हुतं. चाकभर पुढं हुता त्यो. चांगला चाकभर."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला कुनी इचारलं का?" ती म्हणाली. "समदे बापे त्या मास्तराभवती गोळा झालते. बाईला कोन इचारतंय?"

इतकी वर्षं छाती ठोकून सांगितलेली गोष्ट, आणि तिचा निकाल एका बाईजवळ बिनविचारता पडून होता. खरं सांगतो, वाईट वाटलं. भगवान जिंकला याचं नाही. वाईट याचं वाटलं, की आता मलाही भांडता यायचं नाही. दोन्हीकडून संपलं.

सेलू

सेलूला पोचेपर्यंत तिसरा प्रहर झाला होता. कापसाचा हंगाम, जिनिंगकडं गाड्यांची रांग, हवेत कापसाची तूस. तीच धडधड, तोच सरकीचा वास. रिक्षावाल्याला नुसतं "भगवान मिस्त्री" म्हटलं तर त्यानं घरापर्यंत आणून वर तब्येतही सांगितली.

घरात पंधरावीस माणसं. पुण्यात आजारी माणसाला विश्रांती मिळावी म्हणून कुणी येत नाही. इथं सगळे येतात आणि त्याच्यासमोर बसून कुणाचा खुबा कसा मोडला आणि तो कसा गेला ते सांगतात. अर्चनानं चहा देऊन देऊन त्यांना वाटेला लावलं. तिचेच डोळे खोल गेले होते. भगवानचा मुलगा हंगामात जिनिंगमध्येच असतो, सगळं हिच्या एकटीवर.

ओसरीच्या मधोमध खाट. खाटेवर भगवान, भिंतीकडं तोंड. तो आडदांड माणूस अंथरुणात एवढासा झाला होता. मला बघून नुसतं "आलास?" म्हणाला.

मी येताना ठरवलं होतं, की गयाबाईचं काही सांगायचं नाही. डिवचायचं. म्हणालो, "शेवटी केलंस ना कबूल? मी जिंकलो म्हणून?"

"व्हय. तूच जितलास," तो म्हणाला. "जा, हातपाय धू. जेव." आणि डोळे मिटले.

येसर आमटी आणि भात पुढ्यात आला. मी नुसता भात चिवडत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम शिकवणारी पोरगी आली. गोड बोलणारी, पण तीही थकलेली. तिनं पुढं दोन चाकं असलेला वॉकर खाटेच्या उजव्या अंगाला लावला. "बाबा, इकडून वळा. हं, उजवीकडून." भगवाननं मान हलवली. तिनं पाठ धरून वळवायला बघितलं तर तो लाकडासारखा ताठ झाला. रोज हेच, म्हणे. अर्ध्या तासानं ती हात टेकून निघून गेली. अर्चना पायरीवर बसून राहिली.

"काका, कंटाळले मी आता," ती हळूच म्हणाली. "मी काही वाईट सून न्हाई. पण माणूसच म्हणतंय मला उठायचं न्हाई, तर मी काय करू?"

तिला काय सांगणार? मीही थकलो होतो. पिशवी आवरायला घेतली. लोखंडी बूट हातात आला आणि मला स्वतःचाच राग आला. कशासाठी हे ओझं जिल्हाभर वाहिलं? मी तो अंगणात फेकला. ठणकन आवाज झाला, तशी भगवाननं मान वळवली.

"काय हाय?"

"काही नाही. मी निघालो. आणि ऐकून ठेव, मी नाही जिंकलो. तूच जिंकलास. झरीला जाऊन आलो. गयाबाईनं डोळ्यानं बघितलंय. विहिरीच्या कठड्यावर उभी होती. चाकभर पुढं होतास."

मी खरं ते वैतागून बोललो. युक्ती म्हणून मुळीच नाही. पण भगवान कोपरावर उठला.

"विहिरीवरून? विहिरीवरून लाईन दिसतीच कशी? मधी बाभळ हाय!"

"बाभळ पलीकडं आहे. काल तिच्याखाली बसून धपाटे खाल्लेत मी."

"मला शिकवायलास का? मुरूम टाकत महिनाभर त्या रानात खपलोय मी!" त्याचा आवाज चढला. "ही लिंबाचं झाड दिसायलंय ना अंगणातलं, ती विहीर धर. अन् लाईन ही हितं, पायरीजवळ. त्यो बूट ठिव तिथं."

मी बूट उचलून ठेवला.

"तिथं न्हाई, येड्या! हिकडं सरकव. अजून हिकडं."

"मला नाही सरकवायचा. लाईन तिथंच होती. तू जिंकलास, विषय संपला."

"म्या जितलो न्हाई! माजं चाक घसरलं हुतं, माजं मला ठाव हाय!" आणि त्यानं पांघरूण भिरकावलं.

अर्चना उठून उभी राहिली. मी तिला हातानं थांबवलं. वॉकर उजवीकडं होता. तो मी उचलून डावीकडं आणून ठेवला. हा माणूस गाडीवर बसून कधी उजवीकडं वळला नव्हता, त्याला त्या भल्या पोरीनं रोज उजवीकडून वळवायला बघितलं. भगवाननं डाव्या अंगानं पाय खाली सोडले. ओठ चावला, डोळ्यांत पाणी आलं, आणि उभा राहिला. पाय लटलट कापत होते. मी शेजारी गेलो, नुसता हात मागं धरून.

एकच पायरी, ती उतरताना त्यानं देवाला आणि मला सारख्याच शिव्या घातल्या. अंगणात आल्यावर मात्र गप झाला. खाली बघायला लागला. टाचेनं फरशी चाचपली.

"फेरी मारायची का?" मी विचारलं.

आम्ही लिंबाला डाव्या हाताला ठेवून निघालो. तो डावा पाय घासत, मी माझा सुजलेला गुडघा ओढत. झाडामागं गेल्यावर तो थांबला, धापा टाकत म्हणाला, "हितली फरशी निसटलीय. जपून."

मला रडू आलं. लपवलं नाही. त्यानं बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर ते जुनं पाजी हसू आलं.

"नाम्या, धूळ खायला डबा आणलास का?"

मग वळण संपलं, पायरी दिसली, बूट दिसला. मी मुद्दाम मागं राहिलो नाही. असला अपमान मी त्याचा केला नसता. दोघंही जीव खाऊन चाललो आणि बुटाशी एकदमच पोचलो. भगवाननं वॉकर पुढं ढकलला.

"म्या पहिला!"

"वॉकर मोजायचा नसतो!"

"चाक पुढं म्हंजी गाडी पुढं! अर्चना, तू सांग. तू पंच. कोन पहिला आला?"

अर्चना दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "फोडणीच्या ठसक्यानं डोळ्यांत पाणी आलं. मला काहीच दिसलं न्हाई. उद्या परत खेळा."

गॅस अजून पेटवलेलाच नव्हता. पण पंचांशी वाद घालायचा नसतो.